टोक, धूळ आणि लाल पट्टा

घरच्या शेडमध्ये आर्गनचं (टिग वेल्डिंगचं) मशीन आलं की पंधरा दिवसांत पहिली तक्रार येते: ‘आर्क (वेल्डिंगची विजेची ठिणगी) नाचतो, मशीन परत द्यावं का?’ बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, आर्क जिच्या टोकातून निघतो त्या वीतभर टंगस्टनच्या सळईचं टोक बिघडलेलं असतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येत आहेत, म्हणून या खेपेला सगळी उत्तरं धार लावण्यावरच देतो.

प्रश्न : टंगस्टनचं कोणतं टोक घासायचं, रंग असलेलं की नसलेलं?

नसलेलं. रंग घासून गेला की ती सळई कोणत्या जातीची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : मी सळई ड्रिलमध्ये धरून एमरी पेपरवर फिरवतो. टोक सुईसारखं चकचकीत येतं. तरीही १ मिमीच्या एसएस (स्टेनलेस स्टील) पत्र्यावर आर्क एका जागी थांबत नाही. एकदा तर मशीन बदलूनही पाहिलं.

मशीन बदलण्याआधी दहा रुपयांच्या भिंगातून टोक पाहायचं होतं. त्यावर बांगड्यांसारख्या गोल रेघा दिसतील. आर्क त्या रेघांवर अडखळतो, कधी या कडेवरून उडी मारतो तर कधी त्या. रेघा सळईच्या लांबीच्या दिशेने, टोकाकडे धावणाऱ्या हव्यात. त्यासाठी सळई चाकावर आडवी धरू नका, चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेत धरा आणि बोटांनी सावकाश फिरवत राहा. ड्रिल वापरायलाही हरकत नाही. फक्त ड्रिल अगदी हळू चालू द्या आणि घासण्याचं काम वेगाने फिरणाऱ्या चाकाला करू द्या. तुम्ही नेमकं उलट करता आहात.

निमुळता भाग सळईच्या व्यासाच्या दोन ते अडीच पट ठेवा. म्हणजे २.४ मिमीच्या सळईला ५ ते ६ मिमी. पण सुईसारखं टोक ही काही शाबासकीची गोष्ट नव्हे. करंट वाढला की तो केसाएवढा शेंडा तुटून वेल्डमध्ये जातो, आणि एक्स-रे काढायची वेळ आली तर पांढरा ठिपका होऊन तुमची चुगली करतो. शेवटी शेंडा हलकेच चाकाला टेकवून किंचित सपाट करा. कोन जितका अणकुचीदार, तितका आर्क पसरट आणि वेल्ड उथळ. कोन बोथट केला की वेल्ड अरुंद आणि खोल जातो. अनेकांना हे उलटं वाटतं, पण पट्टीच्या तुकड्यावर दोन्ही करून पाहा, कापून बघा. आणि १ मिमीच्या पत्र्याला २.४ ची सळई लावली असेल तर १.६ ची घ्या. १.६ ची सळई डीसी निगेटिव्हवर (टॉर्च मशीनच्या ऋण टोकाला जोडून) साधारण ७० ते १५० अँपिअरसाठी असते, पण अशा बारीक कामाला त्याखालीही छान चालते. तरी जमलं नाही, तर घासलेली सळई आणि वेल्ड केलेला तुकडा घेऊन जवळच्या आयटीआयमधल्या वेल्डिंगच्या निदेशकांना दाखवा. त्यांना पाच मिनिटं लागतील.

प्रश्न : बेंच ग्राइंडर नाही. चार इंची हँड ग्राइंडर व्हाइसमध्ये उलटा बांधून धार लावली तर?

लावू नका. गार्ड काढून, स्विच लॉक करून, मोकळ्या चाकासमोर चेहरा नेऊन बसण्याचा हा प्रकार आहे. मोबाइलवर कोणी तरी करून दाखवतो म्हणून ते सुरक्षित होत नाही.

साधा सहा इंची बेंच ग्राइंडर घ्या आणि त्याचं एक चाक फक्त टंगस्टनसाठी राखून ठेवा. त्यावर छिन्नी नको, ॲल्युमिनियम नको, लेथचं कार्बाइड टूलही नको. चाकात अडकलेला परका धातू टोकावर चढतो आणि मग आर्क थुंकायला लागतो. डायमंड चाक किंवा बारीक दाण्याचं हिरवं सिलिकॉन कार्बाइड चाक उत्तम. साध्या चाकाच्या कुशीवर घासू नका, ते बाजूचा दाब सोसायला केलेलं नसतं. टूल रेस्ट आणि चाक यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर सळई आत ओढली जाते. सळईचं मागचं टोक तळहातात टेकवू नका, चाकाने झटका दिला की ते तळव्यात घुसतं. सैल हातमोजे घालून फिरत्या चाकाजवळ जाऊ नका. गॉगल मात्र हवाच, नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. नवीन चाक बसवण्याआधी टिचकी मारून ऐका, तडा गेलेलं चाक भद्द वाजतं. शंका आली तर चाक परत द्या.

प्रश्न : इन्व्हर्टर मशीनवर ॲल्युमिनियमसाठी हिरव्या पट्ट्याचीच सळई लागते का?

नाही. हिरवी म्हणजे शुद्ध टंगस्टन, ती जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनची सोबतीण. राखाडी, सोनेरी किंवा निळी घ्या, टोक करून शेंडा थोडा सपाट ठेवा. एसीचा बॅलन्स (सळई किती वेळ ऋण आणि किती वेळ धन राहते ते प्रमाण) किती ठेवायचा ते मशीनच्या पुस्तकात बघा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, लाल पट्ट्याची सळई सर्वांत टिकाऊ. काका म्हणतात, तिच्यात किरणोत्सर्ग आहे, घरात ठेवूच नका. शेडमधला मित्र म्हणतो, वीस वर्षं घासतोय, रोज गूळ खातो, काही झालं नाही. शेड स्वयंपाकघराला लागून आहे आणि मुलगी चार वर्षांची आहे. कुणाचं ऐकू?

तिघांचंही अर्धंच ऐका.

लाल पट्टा म्हणजे साधारण २ टक्के थोरियम ऑक्साइड मिसळलेलं टंगस्टन. थोरियममुळे आर्क पटकन लागतो आणि टोक टिकतं, इथवर दुकानदार खरं बोलतो. थोरियम किरणोत्सर्गी आहे, इथवर काका खरं बोलतात. पण डबीतली अखंड सळई घरात ठेवली म्हणून घाबरून जाण्यासारखं काही नाही. थोरियमचे अल्फा कण कागदाने अडतात, कातडीच्या मेलेल्या थरानेही अडतात. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून मिरवलेल्या गॅसबत्त्यांच्या जाळीतही एके काळी थोरियमच असे.

धोका सुरू होतो तुम्ही ती सळई चाकाला लावता तेव्हा. त्या क्षणी तिची पीठासारखी धूळ होते. ती श्वासावाटे आत गेली की मध्ये ना कागद, ना कातडी. फुप्फुसाच्या आतल्या नाजूक पेशींना चिकटून तेच अल्फा कण काम करत बसतात, आणि थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं आहे, म्हणजे तुम्ही वाट बघून तो संपणार नाही. तुमच्या मित्राला वीस वर्षांत काही झालं नाही, हे तो कशावरून सांगतो? छाती कुणाला दाखवली होती? फुप्फुसाचं नुकसान काल घासलं आणि आज खोकला आला असं हिशेब मांडून होत नाही. आणि गूळ! गुळाने घसा ओला होतो, चहाही छान लागतो. फुप्फुसाच्या तळाशी बसलेला कण गूळ बाहेर काढत नाही. गुळाच्या भरवशावर मास्क न लावणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता कारखान्यात गुळाची ढेप दिसली तरी चिडचिड होते.

तुमच्या घरात तर प्रश्न फक्त तुमचा नाही. धूळ तुमच्या शर्टावर बसते, शर्ट आत जातो, मुलगी येऊन बिलगते. चार वर्षांचं मूल जमिनीवर खेळतं आणि बोटं तोंडात घालतं. म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या शेडमध्ये लाल सळई घासणं बंद, यात मला चर्चा नको. सोनेरी (दीड टक्का लँथनम) किंवा निळी (दोन टक्के लँथनम) घ्या. एसएस, माइल्ड स्टील, ॲल्युमिनियम, तिन्हींना चालते आणि टिकण्यातही लालपेक्षा कमी ठरत नाही. ‘लालच चांगली’ हे आग्रहाने सांगणाऱ्या दुकानात बहुधा लाल मालाचाच साठा पडलेला असतो. आणखी एका लबाडीपासून सांभाळा: बिनछापाच्या पाकिटातल्या सळईवर रंग कुठलाही फासता येतो. पाकिटावर उत्पादक, बॅच नंबर आणि डब्ल्यूएल१५ (सोनेरी) किंवा डब्ल्यूएल२० (निळी) असं स्पष्ट छापलेलं नसेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

लँथनमची धूळ म्हणजे भस्म नव्हे, तीही फुंकायची नाही. एन९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसवा, नाकाला बांधलेला रुमाल चालणार नाही. ग्राइंडरखालची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, केरसुणीनेही झाडू नका. ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडकं पिशवीत बंद करा. घासण्याचे कपडे वेगळे ठेवा, आत जाण्याआधी हात-तोंड धुवा. आजवर बिनमास्कने लाल सळई घासली असेल तर घाबरू नका, पण छातीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि काय घासत होतात ते नावासकट सांगा. ते विचारतील या आशेवर राहू नका. साठलेली जुनी धूळ आणि लाल तुकडे झाकणाच्या डबीत वेगळे ठेवा. त्यांचं काय करायचं ते पुरवठादाराला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला विचारा.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी घासताना डोळ्यात कण गेला. मेडिकलमधून थेंब आणले, लोहचुंबकही फिरवून पाहिला, घरच्यांनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. अजून टोचतंय. अजून काय करावं?

हे वाचून संपायच्या आत नेत्रतज्ज्ञाकडे निघा. तीन दिवस! टंगस्टन चुंबकाला चिकटत नाही, बटाटा कण काढत नाही, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर जखम चिघळू शकते. ते थेंब आत्ताच थांबवा, बाटली सोबत न्या. डोळा चोळू नका. वेगाने उडालेला कण आत शिरलेला असू शकतो, म्हणून ‘ग्राइंडरवर काम करताना गेला’ हे स्पष्ट सांगा. कुठेही एमआरआय सुचवला तर डोळ्यात धातू असण्याची शक्यता आधी सांगा.

प्रश्न : तापलेली सळई एका पावडरीत बुडवली की आपोआप टोक येतं, अशी डबी मिळते. धूळच होणार नाही, मग हे चांगलं नाही का?

त्या डबीत बहुधा सोडियम नायट्राइट असतं. लालबुंद सळई त्यात घातली की टंगस्टन खाल्लं जातं, हे खरं. पण सोबत नायट्रोजन ऑक्साइडचे विषारी धूर निघतात, आणि पावडर मिठासारखी पांढरी दिसते. पोटात गेली तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. घरात अशी डबी ठेवणाऱ्याला काय म्हणावं? धूळ टाळायची असेल तर कारखान्यातून घासलेल्या सळया विकत मिळतात, त्या घ्या.

प्रश्न : नीट घासूनही वेल्ड संपल्यावर टोक जांभळं-काळं पडतं.

टॉर्च फार लवकर उचलता. आर्क विझल्यावरही टोक गार होईपर्यंत आर्गन वाहू द्या, दर १० अँपिअरला १ सेकंद या हिशेबाने. ८० अँपिअरला ८ सेकंद. तरी काळंच पडलं तर पाइपचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा, आणि त्यातही सापडलं नाही तर मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : टोक वितळलेल्या धातूत बुडलं. पुसून चालेल?

नाही. खराब भाग डायमंड चाकाने कापा, मग घासा. पकडीने वाकवून तोडलं तर सळई उभी चिरते, आणि ती चीर पुढच्या आर्कमध्ये दिसते.

प्रश्न : सळई किती आखूड होईपर्यंत वापरावी?

कोलेटने (टॉर्चमधल्या सळई पकडणाऱ्या नळीने) घट्ट धरेपर्यंत. नंतर छोटी बॅक कॅप (टॉर्चचं मागचं टोपण) लावून आणखी थोडी.