ठेका पायातून हातात कसा आला?

प्रश्न : माझी मुलगी जाझ पद्धतीचे ड्रमवादन शिकते. लय पायाखालच्या मोठ्या ड्रमवर न धरता उजव्या हाताच्या सिंबलवर धरावी, असे तिचे शिक्षक सांगतात. ही रीत कोणी पाडली आणि का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : याचे श्रेय प्रामुख्याने केनी क्लार्क यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १९१४ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाला. आई लहानपणीच गेली आणि बालपणाचा काही काळ अनाथालयात गेला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते टेडी हिल यांच्या वाद्यवृंदात वाजवीत. त्या काळी नाचणाऱ्यांना ठेका कळावा म्हणून बेस ड्रमवर, म्हणजे पायाखालच्या त्या मोठ्या ड्रमवर, चारही मात्रा पायाने ठोकण्याचा प्रघात होता. अतिद्रुत लयीत पाय थकू लागला, तेव्हा क्लार्क यांनी लय सिंबलवर, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या झांजेवर नेली. म्हणजे या क्रांतीचे मूळ सौंदर्यशास्त्रात नव्हे, तर दमलेल्या पिंडरीत आहे!

तुमच्या मुलीला ‘टिंग, टिंग-ट, टिंग, टिंग-ट’ असे वाजवायला सांगत असतील. यात चारही मात्रा सिंबलवर येतात, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेनंतर ‘ट’चा उडता आघात पडतो आणि त्याच दोन मात्रांवर डावा पाय हाय-हॅटची जोडझांज मिटतो. लयीचा भार असा वाटला गेला, की डावा हात आणि बेस ड्रम मोकळे होतात आणि एकलवादकाच्या वाक्यांमध्ये अवचित ठोके टाकता येतात. या ठोक्यांना वादक ‘बॉम्ब’ म्हणत. बेस ड्रम मात्र क्लार्क यांनी अजिबात टाकून दिला नव्हता. तो ते अगदी हलका, जवळजवळ ऐकू न येईल असा वाजवीत. नवशिके नेमके हेच विसरतात.

हिल यांना हे ठोके रुचले नाहीत आणि क्लार्क यांची नोकरी गेली. गंमत अशी, की पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिंटन्स प्लेहाउस या जाझ क्लबची व्यवस्था हाती येताच त्याच हिल यांनी क्लार्क यांना तेथे बोलावून घेतले. पियानोवर थेलोनियस मंक असत आणि रात्र सरता सरता डिझी गिलेस्पींसारखे पाहुणे येऊन वाजवीत. बीबॉप ही जाझची नवी, द्रुत शैली घडली ती बरीचशी या बैठकांतून. क्लार्क यांचे ‘क्लूक’ हे टोपणनावदेखील त्या ठोक्यांच्या आवाजावरूनच पडले.

पुढे ते मॉडर्न जाझ क्वार्टेटचे पहिले ड्रमवादक झाले, १९५५ मध्ये तेथून बाहेर पडले आणि १९५६ मध्ये पॅरिसला जाऊन कायमचे स्थायिक झाले. बेल्जियन पियानोवादक फ्रान्सी बोलां यांच्याबरोबर त्यांनी चालवलेला मोठा वाद्यवृंद १९७२ पर्यंत टिकला. १९८५ मध्ये पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले.

मुलीला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची १९५४ मधील ‘वॉकिन’ ही ध्वनिमुद्रिका ऐकवा; तीत ड्रमवर क्लार्कच आहेत. पहिल्यांदा ऐकताना ट्रम्पेटकडे दुर्लक्ष करून कान फक्त सिंबलवर ठेवावा. दुसऱ्या वेळी त्याखालचा बेस ड्रम शोधावा. तो सापडायला वेळ लागेल.