क्रोममधलं एक्सटेन्शन जात नाही, रिमूव्हचं बटनच दाबल्या जात नाही. लहान भावाने नको त्या साइट पाहिल्या म्हणून असं झालं का? फॉरमॅट मारावा का?

भावाले बोलणं पहिले बंद करा, मग बाकीचं सांगते.

माझ्या मामाचं दारव्हा तालुक्यात सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीक विमा, शिष्यवृत्ती सगळं तिथं भरल्या जाते. बारावीनंतर मी तिथं बसायची, सोबत गावातलाच एक पोट्टा होता, मराठी टायपिंगचा हात एकदम फास्ट. एका खरिपात विम्याची शेवटची तारीख तोंडावर आली, बाहेर शेतकऱ्यांची लाइन, अन् क्रोममध्ये काहीही सर्च केलं की गूगलच्या जागी भलतंच पान उघडे, वरच्या सगळ्या लिंका जाहिरातीच्या. मामाने तालुक्याहून रिपेरिंगवाला बोलावला. त्याने एक्सटेन्शनची, म्हणजे क्रोमले जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, लिस्ट उघडूनही पाहिली नाही, नुसतं म्हणे, "पोट्टे रात्री काय काय पाहत असतीन, त्याचाच व्हायरस आहे, फॉरमॅट मारा लागते." मामाने तेच धरलं. पोट्टा सांगून राहिला का मी काहीच नाही पाहिलं, तर मामा म्हणे, "मंग काय मी पाहिलं?" फॉरमॅट झाला, लोकांचे स्कॅन केलेले कागद गेले, फॉन्ट गेले, अन् मामाचं जीमेल क्रोममध्ये टाकल्याबरोबर तेच पान पुन्हा हजर. मग तर मामाने चौकातल्या पानठेल्यावर सगळ्यांसमोर त्याच्या बापाले सांगतलं. दुसऱ्या दिवशीपासून तो आला नाही. पुढं कापसाचा सीझन लागल्यावर जिनिंगवर कामाले लागला.

मला ते पटतच नव्हतं. पोळ्याले मामाच्या घरी गेली तेव्हा त्यांचा लॅपटॉप उघडला, तर तिथंही तेच पान! त्या लॅपटॉपले पोट्ट्याचा हात कधी लागला नव्हता, त्याले मामाच्या घरात ओसरीच्या आत कोणी बोलावलंच नव्हतं. क्रोम 90 दिवसांची हिस्ट्री ठेवते म्हणून सगळं सापडलं. विम्याच्या गर्दीत मामा फॉर्म घरी आणून रात्री भरत होते, स्कॅनरची फाइल एमबीमध्ये अन् फॉर्मले पाहिजे केबीमध्ये, म्हणून पीडीएफची साइज कमी करायचं एक फुकटचं एक्सटेन्शन टाकलं. त्याने 'सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली, मामाने 'अ‍ॅड एक्सटेन्शन' दाबलं. सिंक, म्हणजे एका जीमेलवरचं सगळं प्रत्येक कम्प्युटरवर आपोआप आणणं, चालू होतं, त्यामुळे जिथं जिथं ते जीमेल तिथं तिथं ते एक्सटेन्शन. ते हार्ड डिस्कवर नाही, अकाउंटमध्ये बसलं होतं, फॉरमॅट मारून काय होणार होतं?

मामाले दाखवलं तर म्हणे, "कामासाठीच टाकलं ना मी." हो, तेच तर सांगून राहिली! हे बहुतेक कामातूनच येते. पीडीएफवाले, फॉन्ट कन्व्हर्टर, गूगलच्या जाहिरातीतून उतरवलेला प्रिंटरचा ड्रायव्हर. अन् चांगलं एक्सटेन्शनही नंतर बिघडते. द ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं एक्सटेन्शन 20 लाखांच्या वर लोक वापरत होते, 2020 मध्ये ते दुसऱ्याच्या हातात गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून बंद केलं. त्या लोकांनी काय नको त्या साइट पाहिल्या होत्या?

आता तुमचं. बटन दाबल्या जात नाही म्हणजे तुमचा प्रकार मामापेक्षा वेगळा आहे, कोण्या तरी सेटअपने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, पॉलिसी (क्रोमले पाळावाच लागणारा नियम) लिहून ठेवली असणार. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसते का पाहा. दिसलं तर अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेषा, पॉलिसी असं टाइप करा. 'एक्सटेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' नावाची ओळ असली तर तीच कुलूप आहे. सिंक बंद करा, कंट्रोल पॅनेलमध्ये तारखेनुसार लावून त्या दिवसांत आलेलं अनोळखी सॉफ्टवेअर काढा, मग मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडव्‌क्लीनर चालवा, फुकट आहे. त्याने नाही गेलं तर रेजएडिटमध्ये (रजिस्ट्री उघडायचा विंडोजचा प्रोग्राम) सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथं जाऊन ती नोंद उडवा. क्रोमचं स्वतःचं क्लीनअप टूल 2023 मध्येच काढून टाकलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत ते दाखवत असतीन तर शोधत बसू नका. फॉरमॅट शेवटी.

मामाने त्या बापाले आजपर्यंत काही सांगतलं नाही. मी विषय काढला की "झालं गेलं" म्हणतात. झालं गेलं कसं? आरोप पानठेल्यावर झाला तर खुलासाही पानठेल्यावरच व्हायले पाहिजे, घरात माझ्याजवळ कबूल करून त्या पोट्ट्याले काय भेटलं? तुम्हीही भावाले ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोरच सांगा.

हां, एक राहिलं. कॉलेजचा नाहीतर ऑफिसचा लॅपटॉप असला तर ती मॅनेज्डवाली ओळ खरी असते, तिथं हात लावू नका. काही अँटीव्हायरसमुळेही ती दिसते. रेजएडिटमध्ये काही उडवायच्या आधी एक्स्पोर्ट करून, म्हणजे त्याची कॉपी काढून, ठेवा. अन् पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, या कम्प्युटरवरून नाही, कारण तसली परवानगी असलेलं एक्सटेन्शन तुम्ही टाइप केलेलं वाचू शकते. बँकेचा अन् जीमेलचा पहिले.