बाईंना विचारा : मागची तारीख घालून सही घ्यायची का?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांना मत्स्यपेटीचा वास यायला लागतो. या खेपेला चार पत्रं घेतली आहेत. तीस वर्षं ठाण्यात जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर लांबलं की हात आपोआप खडू शोधतो. तेवढं चालवून घ्या.

मुलगा नववीत आहे. 'कपड्यांच्या पावडरीचा माशांवर परिणाम' असा प्रकल्प घेतलाय. दहा गप्पी आणलेत, पाच बरण्या मांडल्यात. धाकटी रडून गोंधळ घालते आहे. हे म्हणतात, गप्पीच तर आहेत. कायद्याने चालतं का?
— एक आई, कोपरखैरणे

ताई, धाकटीला आधी जवळ घ्या. घरात योग्य प्रश्न तिनेच विचारलाय.

हा प्रकल्प मला पाठ आहे, कारण तो मी करून घेतलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्या वर्गातल्या मुलाने अशाच बरण्या मांडल्या आणि मासा किती मिनिटांत उलटा होतो ते मोजायला स्टॉपवॉच मी दिलं. चार्ट सुरेख झाला, पहिला नंबर आला. मासे कुठून आणले, हे परीक्षकांनी विचारलं. का मारले, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी टाळ्या वाजवत होते.

आता कायदा. 1960चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी असं म्हणतो, त्यामुळे दहा रुपयांचा गप्पीही त्यात बसतो. पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी काम भागत असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असा त्याच कायद्याच्या कलम 17चा रोख आहे. स्पर्धांचंही ऐका. अमेरिकेतल्या आयसेफ या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात आपल्याकडची मुलंही जातात. तिथे कणा असलेल्या प्राण्याला विषारी पदार्थ देऊन त्रास किंवा मृत्यू घडवणारे प्रकल्प घेतच नाहीत.

पण मला खरी खटकते ती दुसरीच गोष्ट. साबणासारखे पदार्थ कल्ल्यांच्या नाजूक आवरणाला इजा करतात आणि मासा गुदमरतो, हे पुस्तकात आहे. मग दहा जीव घालवून चिरंजीवांना कळणार काय? पुस्तक बरोबर होतं, एवढंच.

प्रश्न तोच ठेवू दे, जीव बदलू दे. मूग घ्या. बशीत ओला टिपकागद, त्यावर वीस दाणे. साध्या पाण्याच्या तीन बश्या, पावडरीच्या पाण्याच्या कमी-जास्त प्रमाणानुसार तीन-तीन. तिसऱ्या दिवशी किती रुजले ते मोजायचं आणि मुळं पट्टीने मापायची. आणलेले गप्पी एका मोठ्या टाकीत एकत्र सोडा. त्यांच्यावरही प्रकल्प होतो: सकाळी आणि भर दुपारी पाण्याचं तापमान लिहायचं आणि मिनिटाला कल्ल्यांचं झाकण किती वेळा हलतं ते मोजायचं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, ते झाकणाच्या हालचालीत दिसतं का बघा. गरम पाणी ओतायचं नाही हं, दुपार आपोआप होते. आणि हौस फिटली म्हणून मासे जवळच्या तलावात सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले, त्यांना इथे आणखी पसरवायला नको.

मोबाइलवर किती जंतू असतात ते घरी डिशमध्ये वाढवून बघू का? जंतू वाढवायची 'अगर' नावाची जेली विकत मिळते.
— आठवीतला विद्यार्थी, ऐरोली

कापसाचा बोळा मोबाइलवर फिरवण्यापर्यंत घरी. पुढचं सगळं कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. काय उगवणार हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. डिश सीलबंद ठेवायची, उघडून वास घ्यायचा नाही. शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, डिशमधले जंतू मारून टाकायचे, आणि त्यासाठी भाताचा कुकर आईकडे मागायचा नाही.

दहावीत आहे. 'मोबाइल आणि झोप' यावर वर्गातल्या साठ जणांकडून फॉर्म भरून घेतले. नाव आणि रोल नंबर लिहायला सांगितला होता. 'झोप का लागत नाही' या प्रश्नाला एका मुलीने घरातल्या भांडणांबद्दल लिहिलं. फॉर्म लावायला मदत करणाऱ्या मैत्रिणीने ते वाचलं आणि आता वर्गभर झालंय. ती लिहिणारी मुलगी माझ्याशी बोलत नाही. त्यात पुढच्या फेरीला पालकांची संमतिपत्रं लागतात. सर म्हणतात, मागची तारीख घालून सह्या घे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, पाचपाखाडी

अगं, पत्र लिहिलंस हे बरं केलंस. तारखेचं सोपं आहे, ते आधी घेते. नाही. मागची तारीख घातलेली सही म्हणजे खोटा कागद. सरांना सांगायला जड जात असेल तर हा अंक दाखव आणि राग माझ्यावर येऊ दे.

संमती आधी का घ्यायची? कारण नंतर समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा उरत नाही. आधीसुद्धा ती जागा असतेच असं नाही. हाफकिन साहेबांचं नाव तू परळच्या संस्थेमुळे ऐकलं असशील. प्लेगची लस त्यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. माणूस थोर, लस उपयोगी. तरी ही गोष्ट वर्गात सांगताना मी दर वर्षी कैद्यांपाशी अडखळायचे. गजांआडचा माणूस 'हो' म्हणतो, तेव्हा त्यातलं किती त्याचं असतं?

आता तुझा वर्ग बघ. तासाला सर उभे, हातात फॉर्म, सगळे लिहितायत. कोण उठून म्हणेल, मला नाही भरायचा? साठपैकी साठ फॉर्म परत आले, तेव्हाच शंका यायला हवी होती. तुलाही आणि सरांनाही.

आधी जिचा फॉर्म वाचला गेला त्या मुलीकडे जा. एकटी जा, मधल्या सुट्टीत नको. 'मी नाव लिहायला लावलं आणि कागद दुसऱ्याच्या हातात दिले, चूक माझी' एवढंच म्हण. तिने माफ करावं असा आग्रह धरू नकोस. तिचा फॉर्म तिच्या हातात दे, त्याचं काय करायचं ते ती ठरवेल. घरात तिला धोका आहे असं जराही वाटलं तर तू गुप्तहेर होऊ नकोस. शाळेच्या समुपदेशकांना सांग, आणि 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक तिला दे.

मग ते साठ फॉर्म बाजूला ठेव. हो, सगळे. रडू येईल, येऊ दे.

नव्याने कर. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं माणसांवरच्या संशोधनाबद्दल आहेत. त्यांत बारा ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःची लेखी तयारी आणि वर पालकांची संमती, असं दोन्ही मागितलं आहे. सात ते बारा वयाला तोंडी होकार चालतो, पालकांची संमती तिथेही हवीच. वर्गातल्या फॉर्मलाही तीच शिस्त लाव. एक पान मराठीत लिही: काय विचारणार, किती मिनिटं लागतील, कागद कुठे राहतील, आणि 'नाही म्हटलंस तरी चालेल, मधेच सोडलंस तरी चालेल'. हे पान घरी जाऊ दे, दोन दिवस राहू दे. फॉर्मवर नाव नको, रोल नंबर नको. भरलेला कागद बंद डब्यात, चावी सरांकडे नाही. 'झोप का लागत नाही' हा मोकळा प्रश्न काढून टाक. उत्तर सांभाळायची तयारी नसेल तर तो प्रश्न विचारायचा नसतो.

शाळेत एक छोटी समितीही लागेल: शिक्षक, मुख्याध्यापक आणि समुपदेशक किंवा डॉक्टर. तुझे सर त्यात नकोत, कारण प्रकल्पाचं मार्गदर्शन तेच करतायत. समितीने तुझे प्रश्न वाचून सही केली की मगच पहिला फॉर्म वाट.

कदाचित बावीसच परत येतील. चार्टवर बावीस लिही, आणि पहिले साठ का वापरले नाहीत तेही लिही. शेवटची तारीख हुकली तर हुकू दे, मूळ प्रश्न अकरावीतही राहील. आणि वजन-उंचीचा प्रकल्प करणाऱ्या कोणालाही सांग, वजन मोठ्याने वाचू नये. मी एकदा वाचलं होतं. एका मुलीने त्यानंतर महिनाभर डबा उघडला नाही, आणि मला ते तिच्या आईकडून कळलं.

सीवूड्सच्या पाणथळीवर फ्लेमिंगो येतात. टाळ्या वाजवून उडवले तर किती मिनिटांत परत बसतात, हे मोजू का?
— सहावीतला विद्यार्थी, नेरूळ

नको रे राजा. 1972च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी ते तिथे जेवायला आलेले असतात. तुझ्या ताटावरून तुला पाच वेळा उठवलं तर? लांब बसून मोज: दहा मिनिटांत किती वेळा चोच पाण्यात जाते, ओहोटीला किती, भरतीला किती. भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रात मिळतील. दुर्बीण नसेल तर माझी जुनी आहे. एक काच धुरकट आहे, आणि ती परत आणून द्यावी लागेल.