धुळ्यात पांझरेकाठी ‘खाली दुकान, वर घर’ अशी इमारत आणि शेजारून पायवाट, दोन्ही होतील का?

होतील, पण इमारत निळ्या पूररेषेच्या बाहेर आणि पायवाट आत. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. नदी ते निळ्या रेषेपर्यंत नवं बांधकाम चालत नाही. बाग, मैदान, पायवाट चालते. दोन्ही रेषांच्या मधे अटींवर परवानगी मिळते, तिथे जोत्याची उंची आधी बघतात. 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली वाचा, त्यात हे आहे. दुकान-घर एकत्र असणं ही अडचण नाहीच, आपल्या जुन्या पेठा तशाच तर आहेत!

पायवाटेचं म्हणाल तर पेव्हर ब्लॉकचा सोस नको. वरच्या अक्कलपाडा धरणातून पाणी सुटलं की फरशीवरून वाहतं, ओसरल्यावर गाळ आणि प्लास्टिक तेवढं उरतं. दाबलेला मुरूम, मधूनमधून दगडी पायऱ्या, काठाला करंज-उंबर. वाहून गेलं तरी टोपलीभर मुरमात काम भागतं. एकवीरा देवीच्या बाजूला यात्रेची गर्दी असते, तिथे मात्र पक्कं बांधावंच लागेल.

एक अट: तुमच्या जमिनीच्या गटातून पूररेषा नेमकी कुठून जाते ते महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्या. एजंटाच्या मोबाइलमधला नकाशा धरू नका.