चूक एका वाक्याची, निकाल मुलाचा

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे, आर्किटेक्ट व्हायचं म्हणतो. त्याने आमच्या घरावर इंग्रजीत एक पान लिहिलंय, सोबत जोडतो. त्यात चक्क 'द स्टेअरकेस टेक्स प्लेस इन द हॉल'! 'ऑक्युपाइज' लिहायला येत नाही? सगळ्या भावकीसमोर वाचून दाखवलं, तरी ढिम्म. इतक्या कच्च्या इंग्रजीवर इंजिनिअरिंगच बरं ना?

उत्तर : तुमच्या पत्रातलं भावकीसमोरचं ते वाचन मला फार लागलं. मुलगा ढिम्म नाही, अपमान गिळून बसलाय. असं आणखी दोनदा झालं, तर तो तुम्हाला काही दाखवायचाच नाही. आधी त्याची माफी मागा, आणि तीही त्याच लोकांसमोर.

चूक आहे, पण केवढी? 'टेक प्लेस' म्हणजे घडणं, पार पडणं. लग्न, सभा, परीक्षा 'टेक प्लेस'. जिना जागा अडवतो, तेव्हा 'टेक्स अप स्पेस' किंवा 'टेक्स अप रूम'. या अर्थाने 'रूम'चं अनेकवचन करायचं नाही, नाहीतर खोल्या होतात. किती जागा ते सांगायचं असेल तर सरळ 'टेक्स अप हाफ द हॉल'. आपल्याकडे या सगळ्याला 'जागा' हा एकच शब्द चालतो, म्हणून भल्याभल्यांची ही गफलत होते. तुमचं 'ऑक्युपाइज'ही बरोबर आहे. मात्र जड शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी, हा समज काढून टाका. स्वतःच्या घराबद्दल लिहिताना 'टेक्स अप' जास्त सहज वाटतं.

आता तुम्ही न वाचलेला भाग. २०१९ च्या पुरात सामान वर नेताना कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, म्हणून जिना मागच्या भिंतीला सरळ लावावा, असं त्याने लिहिलंय. खाली मापांसह आकृती काढलीय. सतराव्या वर्षी इतकं नेमकं पाहणारी मुलं माझ्याकडे क्वचित येतात.

आणि इंजिनिअरिंगची बहुतेक पुस्तकंही इंग्रजीतच असतात, तेव्हा इंग्रजीसाठी वाट बदलण्यात अर्थ नाही.

बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, पाच वर्षांची; बारावीला गणित हवं आणि नाटा किंवा जेईई मेनचा पेपर २ यांपैकी एक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सुट्टीत त्याला सांगलीतल्याच एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात महिनाभर बसू द्या. साइटवर फिरूनही त्याची इच्छा टिकली, तर फॉर्म भरा.