‘आमेन’ म्हणताना जीभ अडखळते

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सप्रेम सलाम. मी नागपूरच्या ‘सदर’ नावाच्या भागात राहते. आमच्या मंडळीत दर रविवारी उपासनेत देशाच्या व राज्याच्या पुढाऱ्यांसाठी नावे घेऊन प्रार्थना होते. त्यांतील एका नेत्याची धोरणे मला मुळीच मान्य नाहीत. मी त्यांना मत दिलेले नाही आणि पुढेही देणार नाही. त्यांचे नाव आले की ‘आमेन’ म्हणताना माझी जीभ अडखळते. कॉलेजात शिकणारा माझा मुलगा याला सरळ ढोंग म्हणतो. परवा त्याने नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच नेत्याचा चेहरा गाढवाच्या धडावर चिकटवलेले चित्र टाकले. मी रागावले, तर म्हणाला, “येशूने हेरोदाला कोल्हा म्हटले नव्हते का?” मला उत्तर सुचले नाही. ज्यांचे काहीच पटत नाही, त्यांना मान द्यायचा तरी कसा?
— एक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या अडखळण्याची मला चिंता वाटत नाही, कोणत्याही नावावर न अडखळता ‘आमेन’ म्हणणाऱ्यांची अधिक वाटते.

मनात नसलेली पसंती तोंडाने दाखवली तर ते ढोंग होय, परंतु या प्रार्थनेत पसंती मागितलेलीच नाही. बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल राजांसाठी व वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो, तेव्हा रोमच्या सिंहासनावर ख्रिस्ती सम्राट यायला सुमारे अडीचशे वर्षे बाकी होती. आणि प्रार्थनेचा हेतूही लोकांना शांतीने व स्वस्थपणे जगता यावे हाच त्याने सांगितला आहे, त्या राजाची कारकीर्द लांबावी असा नव्हे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील सातवे वचन तर मुलाला मुद्दाम वाचायला द्या. ज्याचे त्याला देऊन टाका असे सांगताना पौल कर आणि सन्मान एकाच वाक्यात बसवतो. न निवडलेल्या सरकारला आपण कर भरतो, त्याला कोणी ढोंग म्हणत नाही.

आपण नागपूरकर, म्हणून एक घरचेच उदाहरण सांगतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्या शहरात भरते, आणि इकडे आपली नाताळची गाणी बसवणे चालू असते तेव्हा तिकडे रस्त्यावर मोर्चे असतात. काही वर्षांपूर्वी विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांच्या मोर्चात ओळखीच्या एका बाई होत्या, म्हणून मी दुपारभर त्यांच्यासोबत उभा होतो. घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा पार बसला होता. शिष्टमंडळाला आत बोलावणे आले तेव्हा त्यांनी डब्याच्या पिशवीतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जपलेले निवेदन काढले आणि शुद्धलेखन बघा म्हणून माझ्या हातात दिले. वर ‘प्रति, मा. मंत्री महोदय’, मध्ये ‘तीव्र निषेध’, खाली ‘आपली विश्वासू’. त्या ‘मा.’मध्ये मंत्र्यांची स्तुती नव्हती, आणि ते एक अक्षर गाळले असते तर निषेध तिळभरही वाढला नसता.

पौलाची रीत हीच होती. पौल कैदेत असताना ‘पौला, तू वेडा आहेस’ असे रोमी सुभेदार फेस्त भर दरबारात ओरडतो, तरी पौल त्याला आदराच्या पदवीनेच उत्तर देतो. पण त्याच फेस्ताने खटला यरुशलेमेत नेण्याची गोष्ट काढली तेव्हा त्याने साफ नकार देऊन कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली होती, आणि तो कैसर होता नीरो. एकदा मात्र पौलाचाही तोल गेला. यहुद्यांच्या न्यायसभेपुढे उभा असताना प्रमुख याजक हनन्याने त्याच्या तोंडात मारायला सांगितले, आणि पौल ‘चुना लावलेल्या भिंती’ असे बोलून गेला. हा प्रमुख याजक आहे असे लोकांनी सांगितल्यावर त्याने शास्त्रातले वचन स्वतःलाच लावले : आपल्या लोकांच्या अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नको. ‘मला ठाऊक नव्हते’ हे त्याचे म्हणणे खरे की उपरोधाचे, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला ते खरेच वाटते. लक्षात घेण्याजोगे हे की, नियमशास्त्राविरुद्ध मला मारायला सांगतोस, हा मूळ आक्षेप त्याने मागे घेतलेला दिसत नाही.

मान देण्यालाही मर्यादा आहे. सुमारे इ.स. १५५ मध्ये स्मर्णा (आजच्या तुर्कस्तानातील शहर) येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याला कैसराच्या नावाने शपथ घ्यायला सांगितले गेले. त्याने ती घेतली नाही आणि त्यासाठी प्राण दिला. तरी समोरच्या प्रांताधिकाऱ्याला तो म्हणाला की, अधिकाऱ्यांना योग्य तो मान द्यावा असे आम्हांला शिकवले आहे, म्हणून तुम्हांला मी माझ्या विश्वासाविषयी सांगायला तयार आहे.

आता कोल्हा. तुमच्या मुलाचा प्रश्न चांगला आहे आणि तो टाळता येत नाही; येशूने तो शब्द वापरला हे खरेच आहे. परंतु लूकच्या तेराव्या अध्यायातील ते वाक्य पूर्ण वाचा. गालीलाचा शासक हेरोद तुला जिवे मारू पाहतो असे सांगणाऱ्यांना येशू म्हणतो, त्या कोल्ह्याला जाऊन सांगा. म्हणजे तो निरोप हेरोदापर्यंत पोहोचवायचा होता, बोलणाऱ्याच्या नावासकट. गाढवाचे चित्र मात्र आधीच एकमत असलेल्या मावशी-काकांत फिरून तिथेच विरले. ज्यांच्यावर ते काढले त्यांना ना धोरणाचा जाब विचारला गेला, ना कोणाचा आक्षेप कळला. व्यंगचित्राला माझा विरोध नाही. चांगले व्यंगचित्र धोरणावर नेमके बोट ठेवते, या चित्राने तेवढेही केलेले नाही.

ते चित्र मुलाला रागावून काढायला लावू नका. काढायचे की नाही ते त्याला ठरवू द्या. त्याऐवजी, कोणत्या धोरणामुळे कोणाचे काय नुकसान होते ते एका पानात लिही, खाली सही कर आणि त्या नेत्यांच्या कार्यालयात नेऊन दे, एवढे त्याला सांगा. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नये. रविवारी ते नाव आले की तीच तक्रार, त्याच नेमक्या शब्दांत, तुम्ही मनातल्या मनात देवापुढे ठेवा आणि मग ‘आमेन’ म्हणा. जीभ अडखळली तरी हरकत नाही. निवेदनाचा मसुदा मुलाला आधी मला दाखवायचा असेल तर जरूर पाठवावा. वर ‘मा.’ आहे ना, एवढे मी पाहीन, आणि जमल्यास शुद्धलेखनही.