कार्ड आधी मोबाईलमधून काढा, नीटचं नंतर बोलू

(पत्र थोडक्यात : सावंतवाडी तालुक्यातून एका वडिलांनी लिहिलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला. दहावीला ९१ टक्के, पण अकरावीच्या पहिल्या चाचणीत घसरली. मामाने दिलेलं ऑडिओमॉथ नावाचं छोटं यंत्र विहिरीपाशी लावून ती आठ महिने वटवाघळांचे आवाज टिपते आहे. संशोधकांसाठी ते नेटवर टाकणार म्हणते. वडिलांनी यंत्रातलं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावून पाहिलं, तर फायलींवर दुपारी एकच्या सुमाराची वेळ आणि आत नुसती शांतता. मुलगी कॉलेज बुडवून खोटं बोलते, असं वाटून त्यांनी कार्ड फॉरमॅट केलं, तिची नोंदींची वही कपाटात ठेवली आणि विचारलं : हिला नीटकडे कसं वळवू?)

नमस्कार.

तुमच्या पत्रात टक्के आणि गुण पाच-सहा वेळा आले आहेत, आणि कार्ड फॉरमॅट केल्याची गोष्ट एका ओळीत उरकली आहे. मी त्या ओळीपाशीच अडकले.

म्हणून आधी एक काम करा. ते कार्ड आता तुमच्या मोबाईलमध्ये आहे असं तुम्ही लिहिता. हे वाचताय तिथेच ते बाहेर काढा. साध्या फॉरमॅटने फायली लगेच पुसल्या जात नाहीत, पण मोबाईलमधला प्रत्येक नवा फोटो, प्रत्येक व्हिडिओ त्यांच्यावर चढत जातो. कार्डावर काहीही न लिहिता, रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरून सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. सगळं परत मिळेलच असं नाही. जे मिळेल ते तिच्या हातात द्या.

आता खोटेपणाबद्दल. तुम्ही पाहिलेल्या एका फाईलच्या नावात १३१२०० असे आकडे होते आणि त्याच दिवशी वहीत ‘६.४२, विहिरीकडची बाजू, वारा नाही’ असं लिहिलं होतं. हा तुमचा पुरावा. पण हे यंत्र सेटिंग बदललं नाही तर भारतीय वेळ लावत नाही, जागतिक प्रमाणवेळ लावतं. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. १३.१२ मध्ये साडेपाच तास मिळवा : संध्याकाळचे ६.४२. तुमच्या मुलीने मिनिटाचीही चूक केलेली नाही. आणि शांतता? माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. घराभोवती फिरणाऱ्या लहान वाघळांचे आवाज ४०-५० किलोहर्ट्झच्या आसपास असतात, काही जातींचे १०० च्याही वर. लॅपटॉपवर तशीच फाईल लावली तर काही ऐकू न येणं हेच बरोबर. तीच फाईल दहापट सावकाश करून ऐका. टिक्... टिक्... टिक्... असे सुटे ठोके येतात, मग ते दाटत जातात, एकमेकांना चिकटतात, एक झर्रकन ओरखडा उमटतो आणि क्षणभर सगळं थांबतं. तो ओरखडा म्हणजे वाघूळ किड्यावर झडप घालतंय. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने मला हे पहिल्यांदा ऐकवलं, तेव्हा मी तीनदा परत लावायला सांगितलं होतं.

तुम्ही लिहिता, मुलीत चिकाटी नाही. कुणी सांगितलेलं नसताना आठ महिने तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवणाऱ्या मुलीबद्दल तुम्ही हे लिहिताय. अकरावीची पहिली चाचणी बहुतेकांची घसरते. पण ‘मी केलेलं काम बाबा एका बटणाने पुसू शकतात’ हे एकदा मनात बसलं, की त्यानंतर घरात खरं सांगणं कमी होतं. मला तिच्या गुणांपेक्षा याची काळजी वाटते. तिची माफी मागा. ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द त्यात नकोत.

नीट द्यायची तर तिने ठरवून द्यावी. आयसर या विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी आहे, आणि बीएस्सीनंतर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था असे रस्ते आहेत. नीटसाठी तिचं गणित सोडायला लावलंत, तो निर्णय मात्र मला चुकीचा वाटतो. आवाजाचा अभ्यास म्हणजे अर्धं भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग. गणित परत घेता येतं का, हे कॉलेजात या आठवड्यातच विचारा. पैशाचंही स्पष्ट सांगते : या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या आहेत आणि सुरुवातीला प्रकल्पापुरतंच मानधन मिळतं. हे तिला माहीत असावं, पण तिला घाबरवायला वापरू नका.

तुमचं आणखी एक म्हणणं : ‘फुकट देऊन टाकते, उद्या दुसराच कुणी त्यावर पीएचडी करेल.’ करू दे. टिपलेला आवाज कुठल्या जातीचा हे ओळखायला आधीच्या नोंदी लागतात, आणि भारतात वाघळांच्या सव्वाशेच्या वर जाती असूनही अशा नोंदी अपुऱ्या आहेत. पश्चिम घाटातल्या नालमुखी (नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेल्या) वाघळांपैकी एक प्रकार एकच जात मानला जायचा. काहींचा आवाज ८० किलोहर्ट्झच्या आसपास, काहींचा ९० च्या पुढे. जनुकं तपासली तेव्हा त्या दोन जाती निघाल्या. कायरोव्हॉक्ससारख्या, वाघळांच्या आवाजांच्या खुल्या संग्रहात नोंदीबरोबर देणाऱ्याचं नाव राहतं. तिने फक्त काही गोष्टी सांभाळाव्यात. मूळ वेव्ह फाईलला हात लावू नये. एमपी३ केली की वरचे सगळे आवाज गेलेच. खरखर ‘साफ’ करू नये. परदेशी वाघळांवर शिकवलेलं ॲप जे नाव सुचवेल ते डोळे मिटून लिहू नये. ओळख पटली नसेल तर तसंच लिहावं. शेजाऱ्यांचं बोलणं टिपलं गेलं असेल तर तो तुकडा देऊ नये. आणि वाघळांची वस्ती सापडलीच तर नेमकी जागा जाहीर करू नये.

वाघळांमुळे निपाह विषाणूची लागण होईल, ही तुमची भीती मात्र रास्त आहे. महाबळेश्वरच्या गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही) त्या विषाणूचा मागमूस सापडला होता. म्हणून गुहेत शिरायचं नाही, पडलेल्या वाघळाला हात लावायचा नाही, हा नियम जरूर घाला. विहिरीपाशी यंत्र लावून लांब उभं राहण्यात तो मोडत नाही.

शेवटचं, कपाटातल्या वहीबद्दल. रिकव्हरीत फायलींची नावं बहुधा जातील. वेळ तरी वाचेल, कारण हे यंत्र ती फाईलच्या आतही लिहून ठेवतं. पण यंत्र विहिरीकडे होतं, पडवीत होतं की माडाखाली, त्या दिवशी वारा होता की पाऊस, हे फक्त त्या वहीत आहे. ती आज रात्रीच तिला परत द्या.